गाठाळलेल्या मुळांसाठी पानांचा अर्क : केव्हा आणि कसा

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. टोमॅटो आणि काकडीची झाडे भर दुपारी माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा सावरतात, खतपाणी वेळेवर देऊनही वाढ खुंटलेलीच राहते आणि एक झाड उपटून पाहिले तेव्हा मुळांवर लहानमोठ्या गाठींच्या माळा दिसल्या, असे आपण लिहिले आहे. मुळांवर अशा गाठी करणाऱ्या सूत्रकृमींवर, म्हणजे मातीतील धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींवर, पानांचा अर्क चालतो असे वाचून आपण कडुनिंब आणि एरंडाची पाने उकळून काढा केला, तो दोन वेळा झाडांवर फवारला, पण फरक पडला नाही. आता कोणत्या वनस्पतीची पाने घ्यावीत, अर्क किती प्रमाणात आणि किती वेळा द्यावा आणि एकदा केलेला अर्क साठवून ठेवता येईल का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

प्रश्नांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. उभ्या पिकाच्या मुळांत शिरून बसलेले सूत्रकृमी पानांच्या अर्काने मरत नाहीत, मग अर्क कोणत्याही पानांचा असो. अर्काचा उपयोग आहे, पण तो लागवडीच्या आधी आणि फार तर लागवडीच्या वेळी आहे. आणि तेथेही बहुतेक वेळा अर्क काढण्यापेक्षा तीच पाने चिरून मातीत गाडणे जास्त फायद्याचे ठरते. असे का, हे समजून घेतल्यास आपले पुढचे निर्णय सोपे होतील.

मुळांवर गाठी करणारे हे सूत्रकृमी मेलॉयडोगायनी या प्रजातीचे आहेत. मायल्स जोसेफ बर्कली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये काचगृहातील काकडीच्या मुळांवर याच गाठींची नोंद केली होती, म्हणजे आपला शत्रू काही नवा नाही. अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून सरकत ते कोवळ्या मुळाच्या टोकाशी पोहोचते, आत शिरते आणि एका जागी ठाण मांडते. त्याच्या लाळेमुळे भोवतालच्या काही पेशी प्रचंड फुगतात, त्यांतून त्याला आयते अन्न मिळत राहते आणि त्या जागी मूळ सुजून गाठ तयार होते. मादी आतल्या आत फुगून नासपतीच्या आकाराची होते आणि चिकट द्रवात गुंफलेला काहीशे अंड्यांचा पुंजका मुळाच्या पृष्ठभागावर सोडते. माती उबदार असेल, म्हणजे तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर हे सारे चक्र चार आठवड्यांच्या आत-बाहेर पूर्ण होते. त्यामुळे चार महिन्यांच्या पिकात तीन-चार पिढ्या सहज होऊन जातात.

या सगळ्या प्रवासात सूत्रकृमी उघड्यावर सापडतो तो फक्त अंड्यातून निघाल्यापासून मुळात शिरेपर्यंत. त्यानंतर मूळच त्याचे कवच बनते आणि अंड्यांना चिकट द्रवाचे आवरण मिळते. जमिनीवर ओतलेला अर्क या दोहोंपैकी कशातही पुरेसा शिरत नाही. पानांवर फवारलेला अर्क तर मुळांपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे आपल्या दोन्ही फवारण्या वाया गेल्या यात नवल नाही.

मग अर्काने सूत्रकृमी मरतात असे जे सांगितले जाते ते खोटे आहे का? खोटे नाही, मात्र ते बहुतांशी काचेच्या बशीत खरे ठरलेले असते. अशा चाचणीत थोड्याशा अर्कात शंभर-दोनशे पिल्ले सोडतात आणि २४, ४८ व ७२ तासांनी किती पिल्ले निश्चल झाली ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. तेथे माती नसते, मूळ नसते, अर्क कुजवणारे जिवाणू जवळजवळ नसतात आणि पिल्लाला पळून जायला जागा नसते. शिवाय निश्चल झालेले प्रत्येक पिल्लू मेलेले असतेच असे नाही. काळजीपूर्वक काम करणारे संशोधक ती पिल्ले पुन्हा स्वच्छ पाण्यात ठेवून पाहतात आणि त्यांतली काही वळवळू लागतात. कडुनिंब, घाणेरी, एरंड, धोतरा, निर्गुडी, झेंडू अशा अनेक वनस्पतींच्या पानांनी या चाचणीत चांगला परिणाम दाखवला आहे. माझ्या मते या चाचणीतून एवढेच कळते की वनस्पतीत काहीतरी गुण आहे. शेतात तिचा अर्क चालेल असा अर्थ त्यातून काढू नये.

बशी आणि शेत यांतले अंतर एका साध्या हिशेबाने लक्षात येते. एक एकर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर घेतला, तर ती सुमारे ६०० घनमीटर माती होते. वाफशावर असलेल्या अशा मातीत आकारमानाच्या २० टक्के पाणी आहे असे धरले, तर एकट्या त्या थरात सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी असते. त्यावर आपण २०० लिटर अर्क ओतला तर तो जवळजवळ सहाशेपट पातळ होतो, आणि सूत्रकृमी १५ सेंटिमीटरच्या खालीही असतातच. त्यातच चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ अर्कातील द्रव्ये धरून ठेवतात आणि सूक्ष्मजीव ती काही दिवसांत फस्त करतात. म्हणून एकरभर क्षेत्रावर पानांच्या अर्काची आळवणी करण्याचा, म्हणजे तो बुडाशी मातीत ओतण्याचा, सल्ला मी कोणालाच देत नाही. रोपवाटिकेचा वाफा, कुंड्या आणि लागवडीचा खड्डा अशा ठिकाणी मातीच थोडी असल्याने हेच गणित आपल्या बाजूने वळते.

आता पाने कोणती घ्यावीत हे पाहू. कडुनिंबाचे नाव सर्वांत आधी येते आणि ते योग्यच आहे, परंतु अझाडिरॅक्टिन हे त्यातील मुख्य द्रव्य पानांपेक्षा निंबोळीच्या गरात कितीतरी अधिक असते. शिवाय ते उन्हात आणि उष्णतेने लवकर नष्ट होते, म्हणून पाने उकळून केलेल्या काढ्यात त्याचा फारसा अंश उरत नाही. कडुनिंब उपलब्ध असेल तर पानांच्या काढ्यापेक्षा निंबोळी पेंड मातीत मिसळणे केव्हाही सरस. मोहरीवर्गातील पिकांची गोष्ट वेगळी आणि मला विशेष महत्त्वाची वाटते. त्यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्ये एका कप्प्यात आणि त्यांचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असते. पान ठेचले की दोन्ही एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट हा तिखट, झोंबणारा वायुरूप पदार्थ तयार होतो. मोहरी वाटताना नाकात जी झणझण जाते ती त्याचीच. हा पदार्थ सूत्रकृमींना मारक आहे, पण तो तासाभरात उडून जाऊ लागतो. पाने उकळली तर विकरच निकामी होते आणि अर्क काढून ठेवला तर उपयोगी भाग हवेत जातो. त्यामुळे मोहरीचे पीक फुलावर आले की त्याचे बारीक तुकडे करायचे, त्याच तासात मातीत गाडायचे, हलके पाणी द्यायचे आणि पृष्ठभाग प्लॅस्टिकने झाकायचा, हीच रीत कामाची आहे.

झेंडूबद्दल गैरसमज फार आहेत. डच संशोधक उहलेनब्रुक आणि बिइलू यांनी १९५८ मध्ये झेंडूतून अल्फा-टरथायेनिल हे सूत्रकृमिनाशक द्रव्य वेगळे केले, पण ते प्रामुख्याने मुळांत असते. जिवंत मुळात शिरलेल्या पिल्लाची वाढ तेथेच खुंटते, ही झेंडूची खरी ताकद आहे आणि ती पानांच्या अर्कात उतरत नाही. म्हणून झेंडू हे मुख्य पिकाआधी दोन ते तीन महिने, दाट आणि सलग घ्यायचे पीक आहे. बांधावर किंवा ओळीच्या टोकाला लावलेल्या चार झाडांनी पाच फुटांवरच्या टोमॅटोला काही संरक्षण मिळत नाही. झेंडूत तण माजू दिले तर सूत्रकृमी त्या तणावर गुजराण करतात आणि सारा खटाटोप फुकट जातो. झेंडूच्या सगळ्या जाती गाठी करणाऱ्या सगळ्या सूत्रकृमींवर सारख्याच चालत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

एरंड, घाणेरी, धोतरा यांची पाने मातीत मिसळण्यासाठी वापरता येतात, परंतु वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी असे समजू नये. धोतऱ्यातील अल्कलॉइड माणसाला गंभीर विषबाधा करतात, आणि रस लागलेला हात डोळ्याला लागला तरी बाहुली विस्फारून नजर धूसर होते. घाणेरीची पाने गुरांना विषारी आहेत. तंबाखूच्या पानांचा काढा आपण पत्रात पर्याय म्हणून सुचवला आहे, तो मात्र टोमॅटोवर कटाक्षाने टाळावा. निकोटिन हे जहाल विष आहेच, शिवाय तंबाखूच्या पानांतून मोझॅक विषाणू टोमॅटोत येण्याचा धोका असतो.

पाने मातीत मिसळण्याचा सल्ला देतो त्यामागे केवळ विषारी द्रव्यांचा विचार नाही. हिरवी, नत्रयुक्त पाने कुजताना अमोनिया आणि सेंद्रिय आम्ले बाहेर पडतात, आणि तीही सूत्रकृमींना सोसत नाहीत. त्यानंतर मातीतील बुरशी, जिवाणू आणि निरुपद्रवी सूत्रकृमी यांची संख्या वाढते. त्यांतले काही जीव गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची अंडी आणि पिल्ले खातात. अर्काने हा दुसरा भाग साधत नाही, कारण कुजण्यासारखे जे काही असते ते आपण गाळून चोथ्यात टाकून दिलेले असते. कुंड्यांतील प्रयोगांत मातीच्या वजनाच्या १ ते २ टक्के पाने वापरण्याची पद्धत आहे. १५ सेंटिमीटर खोलीच्या वाफ्यासाठी १ टक्का म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २ किलो चिरलेली ताजी पाने होतात. एकराला हेच प्रमाण ८ टनांवर जाते. म्हणून वाफ्यापुरती पाने बाहेरून आणणे जमते, पण शेतासाठी मोहरी किंवा ताग यांसारखे हिरवळीचे पीक जागच्या जागी वाढवून गाडणेच व्यवहार्य आहे. पाने गाडल्यानंतर माती ओलसर ठेवावी आणि दोन ते तीन आठवडे थांबूनच रोपे लावावीत. घाई केली तर त्याच अमोनियाने कोवळी मुळे भाजतात.

ज्या मर्यादित कामासाठी अर्क करावयाचा, त्याची कृती अशी. सकाळी तोडलेली निरोगी पाने धुऊन १ किलो घ्यावीत, वाटून लगदा करावा, ५ लिटर साध्या थंड पाण्यात कालवून रात्रभर सावलीत झाकून ठेवावा आणि सकाळी दुहेरी फडक्यातून पिळून गाळावा. हा अर्क लागवडीच्या खड्ड्यात पाव लिटरपर्यंत ओतता येतो, तोही रोप लावण्याच्या पाच-सात दिवस आधी, आणि रोपे सावरल्यावर आठवड्याच्या अंतराने एक-दोन वेळा बुडाशी निम्म्या पाण्यात मिसळून देता येतो. आधी चार-पाच रोपांवर वापरून चार दिवस वाट पाहावी. पानांच्या कडा करपल्या किंवा रोप मलूल झाले तर अर्क आणखी पातळ करावा. त्यानंतर पुन्हा पुन्हा आळवणी करण्यात अर्थ नाही, कारण तोवर जे सूत्रकृमी मुळांत शिरायचे ते शिरलेले असतात.

आपल्या मातीत हा अर्क चालतो की नाही, हे माझ्या शब्दावर सोडू नका. एकाच वाफ्यात काही ओळींना अर्क, काहींना तेवढेच साधे पाणी आणि काहींत गाडलेली पाने असे तीन प्रकार आलटून पालटून ठेवा. साध्या पाण्याच्या ओळी ठेवायला बहुतेक जण नाखूश असतात, पण त्यांच्याशिवाय तुलना होतच नाही. सहा-सात आठवड्यांनी प्रत्येक प्रकारातील काही झाडे फावड्याने मातीसकट उचला. उपटू नका, कारण उपटताना गाठींची बारीक मुळे तुटून जमिनीतच राहतात. मुळे बादलीतील पाण्यात हळूवार बुचकळून धुवा आणि पांढऱ्या कापडावर पसरा. गाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा, पिवळट ते तपकिरी ठिपका दिसला तर तो अंड्यांचा पुंजका असतो. त्याखालची गाठ सुईने अलगद उकलली आणि भिंगातून पाहिले, तर मोत्यासारखी पांढरी, गोल मादी दिसते. टेलर आणि सॅसर या सूत्रकृमी संशोधकांनी १९७८ मध्ये दिलेल्या श्रेणीनुसार मुळांना गुण देता येतात: गाठ नसेल तर ०, एक-दोन गाठींना १, तीन ते दहांना २, अकरा ते तीसना ३, एकतीस ते शंभरांना ४ आणि त्याहून जास्त असल्यास ५. तिन्ही प्रकारांची सरासरी काढली की चित्र स्पष्ट होते. झाडाच्या हिरवेपणावरून निष्कर्ष काढू नये, कारण पानांच्या अर्कातून थोडे नत्रही मिळते आणि झाड तेवढ्यानेही तजेलदार दिसते.

येथे एक सूचना करतो. आपण शेंगवर्गीय पीक घेतले तर त्याच्या मुळांवरील गाठी पाहून घाबरू नका. नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी मुळाच्या कडेला चिकटल्यासारख्या असतात, बोटाने सहज निघतात आणि कापल्यावर आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे सुजलेले मूळच असते, ती सोलून निघत नाही.

सध्याच्या पिकाबाबत फार आशा दाखवणे योग्य होणार नाही. थोडे थोडे पण वारंवार पाणी, बुडाशी आच्छादन आणि कुजलेले खत यांच्या आधारे उरलेल्या मुळांवर झाडे काही काळ तग धरतील आणि फळे देतील. शेवटचा तोडा झाला की मात्र त्याच आठवड्यात झाडे मुळांसकट खणून काढा आणि मुळे कडक उन्हात वाळवून नष्ट करा. ती कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. वाळलेले पीक महिनाभर तसेच उभे ठेवण्याची सवय सूत्रकृमींना एक अधिकची पिढी बहाल करते. बाधित वाफ्यातील पाणी, कुदळ-फावड्याला लागलेली माती आणि तेथे वाढवलेली रोपे दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका.

पुढच्या हंगामापूर्वी वर्षातील सर्वांत कडक उन्हाच्या काळात ओल्या, भुसभुशीत जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे अंथरले, तर वरच्या थरातील सूत्रकृमी चांगल्या प्रमाणात मरतात. पाने गाडून त्यावर प्लॅस्टिक अंथरणे हे दोन्हीपैकी एकट्या उपायापेक्षा सहसा जास्त प्रभावी ठरते. टोमॅटोच्या प्रतिकारक जाती मिळतात. त्यांतील एमआय नावाचे जनुक जंगली टोमॅटोतून आलेले आहे आणि गाठी करणाऱ्या प्रमुख जातींना ते रोखते, मात्र मातीचे तापमान २८ अंशांच्या वर गेले की त्याचा जोर ओसरतो. काकडीत असा भरवशाचा प्रतिकार नाही, त्यामुळे बाधित वाफ्यात टोमॅटो काढून काकडी आणि काकडी काढून टोमॅटो हा आपला क्रम मोडावा लागेल. चांगला बेवड, म्हणजे फेरपालटाचे पीक, निवडायचा तर आधी सूत्रकृमीची जात कळली पाहिजे, कारण मेलॉयडोगायनी प्रजातीतील इन्कॉग्निटा ही एकच जात शेकडो वनस्पतींवर जगू शकते. भुईमुगावर मात्र ती वाढत नाही. त्याउलट अरेनारिया या जातीचा एक प्रकार भुईमुगाचेच मोठे नुकसान करतो. यासाठी वाफ्यात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणची, १५ ते २० सेंटिमीटर खोलीची माती बारीक मुळांसह घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर आणि सावलीत ठेवा आणि सूत्रकृमी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लवकर पोहोचवा. नेहमीच्या माती परीक्षणासाठी नमुना वाळवतात तसा हा वाळवला तर आतील कृमी मरतात आणि अहवाल चुकीचा येतो.

राहिला साठवणुकीचा प्रश्न. घरी केलेला पाण्यातील अर्क साठवू नये. दुसऱ्या दिवसापासून तो आंबू लागतो, त्यातील द्रव्ये बदलत जातात आणि बंद बाटलीत वायूचा दाब वाढून ती फुटू शकते. वास उग्र झाला म्हणजे अर्क जहाल झाला, ही समजूत चुकीची आहे. पाने मात्र सावलीत वाळवून, भुकटी करून कोरड्या जागी ठेवता येतात. मोहरीवर्गीय पानांना हे लागू नाही. भुकटी मातीत मिसळताना ती ताज्या पानांच्या साधारण पाव ते पाचवा हिस्सा वजनाने घ्यावी, कारण वाळताना बहुतेक पाणी उडून गेलेले असते. अर्क असो की भुकटी, काम करताना हातमोजे घाला, भुकटी उडू लागली तर नाकातोंडावर फडके बांधा, वाटण्यासाठी स्वयंपाकघरातील भांडी वापरू नका आणि उरलेला अर्क विहिरीजवळ किंवा माशांच्या तळ्याकडे जाणाऱ्या पाटात ओतू नका. डब्यावर वनस्पतीचे नाव आणि तारीख लिहून तो मुलांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर ठेवावा.